नियम कोण लावतो?

अमेरिकी शाळांतील शिस्तीवरचा आपला लेख वाचला. निष्पक्ष नियमांचा आग्रह पटला, पण नियम लावणारे कोण, हा प्रश्न राहूनच गेला. तिथल्या सरकारी शाळांत २०२०-२१ मध्ये लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, विद्यार्थी चौथ्या हिश्शाहून अधिक होते, लॅटिनो शिक्षक मात्र सुमारे नऊ टक्के. मैत्रिणीशी स्पॅनिशमध्ये बोलणारी, ‘मलाच का?’ असे विचारणारी लॅटिना मुलगी उद्धट ठरते की नाही, हे बऱ्याचदा बाईंच्या नजरेवर असते. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून केवळ अशा उद्दामपणासाठी बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांचे निलंबन बंद केले, हे योग्यच झाले. पण तिच्या घरची भाषा जाणणारे शिक्षकही नेमायला हवेत आणि त्यासाठी शिक्षक-प्रशिक्षणाचा खर्च आधी अशा कुटुंबांच्या आवाक्यात आणला पाहिजे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा