करार पाळायचा तर पूर्ण पाळावा

महोदय,

९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनानिमित्त आपल्याकडे जे लेखन होते, त्यात अमेरिकेतील मूळनिवासी आणि तेथील कृष्णवर्णीय हे दोन निराळे समाज म्हणूनच येतात. हे दोन्ही वारसे ज्यांच्या घरात एकत्र नांदले, त्या ओक्लाहोमातील ‘फ्रीडमन’ कुटुंबांचा, म्हणजे आदिवासी राष्ट्रांनी गुलाम म्हणून ठेवलेल्या व पुढे मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वंशजांचा, उल्लेख क्वचितच आढळतो.

चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ आणि सेमिनोल या पाचही आदिवासी राष्ट्रांत आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. १८३८-३९ मध्ये चेरोकींना मायभूमीतून हुसकावून पश्चिमेकडे नेण्यात आले, तेव्हा त्या जीवघेण्या वाटेवर त्यांचे गुलामही होते. यादवी युद्धानंतर, १८६६ च्या करारात, चेरोकी राष्ट्राने मुक्त झालेल्या गुलामांना व त्यांच्या वंशजांना मूळ चेरोकींचे सर्व हक्क मान्य केले.

पुढचा अन्याय कागदावर झाला. जमिनीच्या वाटपासाठी अमेरिकी सरकारच्या डॉझ आयोगाने १८९८ नंतर याद्या केल्या, तेव्हा माणसाच्या चेहऱ्यामोहऱ्यात आफ्रिकी वंश दिसला की कारकून अनेकदा त्याचे नाव फ्रीडमनांच्या यादीत टाकत, मग त्याची आई वा आजा चेरोकी का असेना. ‘रक्ताने चेरोकी’ असलेल्यांच्या नावापुढे रक्ताचा अंश अपूर्णांकात लिहिला जाई; फ्रीडमनांच्या नावापुढे तो लिहिलाच जात नसे. जुन्या दप्तरातील एका नोंदीवर नातवंडा-पतवंडांचे हक्क कसे अडतात, हे कुणबी नोंदींचा शोध पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. याच याद्यांच्या आधारे २००७ मध्ये चेरोकी मतदारांनी सुमारे २,८०० फ्रीडमन वंशजांना नागरिकत्वातून वगळण्याचा कौल दिला. २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांचे हक्क मान्य केले आणि २०२१ मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील ‘रक्ताने’ हा शब्द रद्द ठरवला. जुलै २०२५ मध्ये मस्कोगी, म्हणजे क्रीक, राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयानेही १८६६ च्या आपल्या कराराच्या आधारे तसाच निकाल दिला.

आपले नागरिक कोण, हे आदिवासी राष्ट्रांनीच ठरवावे, हा युक्तिवाद मला गंभीर वाटतो. बाहेरच्या सत्तेने त्यांचे आधीच पुष्कळ हिरावले आहे. परंतु अमेरिकी सरकारने आपल्याशी केलेले करार शब्दशः पाळावेत, असा आग्रह धरणाऱ्या राष्ट्रांना त्याच करारातील आपल्या वाट्याचे कलम बाजूला सारता येणार नाही. चोक्टॉ आणि चिकसॉ राष्ट्रांनी फ्रीडमन वंशजांना अद्याप नागरिकत्व दिलेले नाही. येत्या आदिवासी दिनाच्या पुरवणीत आपण या कुटुंबांच्या लढ्याला जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा