मंद्या, तुझ्या कर्णाबद्दल

प्रिय मंद्या,

तुझी 'महाभारतात असं झालं असतं तर'वाली कर्णाची कथा वाचली, एका बैठकीत वाचली. पण तू 'गोडगोड नको, खरं काय ते सांग' असं लिहिलंयस ना, मग आता ऐक, आणि चिडलास तर सरळ फोन कर, मेसेजवर भांडू नकोस.

कल्पना एक नंबर आहे. राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या आखाड्यात, रंगभूमीवर, कर्ण-अर्जुन समोरासमोर येतात तेव्हा मूळ गोष्टीत कुंती बेशुद्ध पडते, विदुर चंदनाचं पाणी शिंपडून तिला शुद्धीवर आणवतो, आणि ती गप्पच राहते. तुझी कुंती उठून उभी राहते आणि सगळ्यांसमोर सांगून टाकते की हा माझा मुलगा. तिथे काटा आला अंगावर, खरंच. आणि मग पुढच्याच प्रकरणात दुर्योधन येऊन त्याला मिठी मारतो आणि अंगदेशाचा राजा करतो. अरे, का? दुर्योधनाला कर्णाचा पुळका आला होता का? त्याला अर्जुनाच्या तोडीचा कोणीतरी आपल्या बाजूला हवा होता. आता तोच माणूस कुंतीचा थोरला निघाला म्हटल्यावर तो दुर्योधनाच्या वाटेत युधिष्ठिराच्याही आधी उभा राहतो, म्हणजे मिठी सोड, विषाचा लाडू आधी याला जायला हवा. तू खालची एक वीट काढलीस आणि वरची भिंत जशीच्या तशी उभी, तेच लाक्षागृह, तोच द्यूत, फक्त कर्णाचे डायलॉग वाढले. पर्यायी कथांबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, की एक गोष्ट बदलायची आणि तिची किंमत कोणीच द्यायची नाही.

आणि गंमत म्हणजे हा 'असं झालं असतं तर' व्यासांनी स्वतःच लिहून ठेवलाय. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि सगळी ऑफर मांडतो, की लग्नाआधी झालेला मुलगा शास्त्राने आईच्या नवऱ्याचाच धरतात, म्हणून तू पांडूचा, चल, राजा हो, पाचही भाऊ पाया पडतील, द्रौपदीसुद्धा सहाव्या पाळीला तुझ्याकडे येईल. आणि कर्ण काय म्हणतो माहितीये, हे युधिष्ठिराला सांगू नकोस, त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि माझ्या हातात आलं तर मी ते दुर्योधनालाच देऊन टाकेन. म्हणजे बघ, त्याने दोन मिनिटांत पुढचा सगळा हिशोब केला, आणि तू एवढी प्रकरणं लिहूनही केला नाहीस.

त्याच बोलण्यात तो त्याला वाढवणाऱ्या आईबद्दल, राधेबद्दल, जे सांगतो ते एकदा शांतपणे वाच. मला घरी आणल्याबरोबर मायेने तिला पान्हा फुटला, तिने माझं हगणं-मुतणं काढलं, आता तिचा पिंड मी कसा नाकारू. तुझ्या कथेत राधा कुठाय? एका ओळीत डोळे पुसते आणि गायब. कर्णावर लिहिणारे सगळेच कुंतीच्या मागे धावतात, आई म्हणजे राजवाड्यातलीच असायला हवी असं काहीतरी डोक्यात बसलंय, मला याचा भयंकर राग येतो. आणि तिचा नवरा, अधिरथ! मूळ प्रसंगात कर्णाला नुकताच अभिषेक झालाय, डोकं ओलं आहे, आणि हा म्हातारा काठीवर भार टाकत, घामाघूम, थरथरत, खांद्यावरचं उपरणं घसरलेलं अशा अवस्थेत आत येतो, आणि कर्ण धनुष्य खाली ठेवून त्याच्या पायाशी ते ओलं डोकं टेकवतो. तुझ्या कथेत कुंती आधीच बोलून बसलीये, म्हणजे हा म्हातारा आत येईल तेव्हा काय होईल? सगळ्या सभेसमोर त्याचा मुलगा त्याच्याकडून काढून घेतलाय. अख्खी कथा तिथे आहे मंद्या, आणि तू तो सीनच उडवलास.

दुसरं, कर्णाला मोठं करायला बाकीच्यांना ढ का करायचं? तुझा अर्जुन रडूबाई, भीम नुसता खादाड, युधिष्ठिर दिसेल तिथे फासे काढतो. घोषयात्रेत, म्हणजे कौरव वनात आपली गुरं बघायला गेले तेव्हा, गंधर्वांसमोरून कर्ण पळाला, कौरव विराटाच्या गायी पळवायला आले त्या वेळी एकट्या अर्जुनाने सगळ्यांना हरवलं, त्यात हाही होता. हे ठेव की. हरलेला कर्ण जास्त इंटरेस्टिंग आहे. आणि द्यूतसभा तर सगळेच खोडरबर घेऊन पुसतात. द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि वस्त्रं काढून घ्या म्हणणारा कर्णच आहे, आणि नंतर कृष्णाजवळ 'मी पांडवांना लागेल असं बोललो, त्याचा आता ताप होतो' असं म्हणणाराही तोच. पहिलं पुसलंस तर दुसरं कुठून आणशील?

आता 'आंधळ्याचा मुलगा आंधळा'. काढ ते. व्यासांच्या महाभारतात द्रौपदी असं काही म्हणत नाही. स्वयंवरातलं सूतपुत्राला वरणार नाही हे वाक्यसुद्धा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ पाठात नाही, तळटीपेत गेलंय, आणि त्या लोकांनी १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून हजारावर हस्तलिखितं ताडून पाहिलीयेत. कर्णाच्या बायकोचं वृषाली हे नावही व्यासांचं नाही, ते आपल्याकडे शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' कादंबरीमुळे घराघरात गेलं. वापर हवं तर, मीही वापरेन, पण आपण व्यासांवर लिहितोय की कादंबरीवर की सिरीयलवर हे लिहिणाऱ्याला तरी माहीत हवं ना.

आणि ती पुण्याची आयटीवाली मुलगी, जी विहिरीत पडून हस्तिनापुरात निघते, तिच्याबद्दल मी बोलणारच नव्हतो. १९७३ मध्ये पॉला स्मिथ नावाच्या बाईने स्टार ट्रेकच्या फॅन कथांची टर उडवायला मेरी सू नावाची पंधरा-सोळा वर्षांची लेफ्टनंट रंगवली होती, सगळे तिच्या प्रेमात, सगळं तिलाच जमतं. तुझी मुलगी भीष्मांना प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवते रे!

मी सोवळ्यातला आहे असं मात्र समजू नकोस. संस्कृत नाटककार भासाने 'ऊरुभंग' नाटकात दुर्योधनाला असा उभा केला की मरताना त्याचीच कीव यावी. जांभूळ आख्यान या लोककथेत द्रौपदी कबूल करते की कर्णही मनात होता, विठ्ठल उमपांनी ते गाऊन किती गाजवलं, आणि व्यासांत हे अजिबात नाही. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायका तर बिनधास्त म्हणतात की राम सीतेच्या तोलाचा नाही, हलक्या दिलाचा. कोणाची परवानगी काढली त्यांनी? फक्त जांभळाच्या गोष्टीत द्रौपदीच्या तोंडून ते निघतं तेव्हा पाचही नवरे समोर असतात, तिचा तोरा तिथल्या तिथे उतरतो. तुझ्या कुंतीचं काय उतरलं? भीष्म तिला काही विचारतच नाहीत, धृतराष्ट्र तर जेवायला जातो.

भाषेचं थोडक्यात सांगतो, 'हे प्राणप्रिये'च्या पुढच्याच ओळीत 'मला स्पेस हवी आहे' नको. एकतर हे नाहीतर ते.

तर चौथ्या प्रकरणापासून परत लिही. दुर्योधनाला शत्रू कर, अधिरथाला आत आण, आणि पुण्याच्या बाईला परत विहिरीत टाक. दिवाळीच्या आधी पाठवलंस तर सुट्टीत वाचून होईल, नंतर ऑफिसचं ऑडिट आहे. वहिनींना नमस्कार, आणि पुढच्या वेळी पीडीएफ नको, साधी वर्ड फाईल पाठव, मला मधेमधे शिव्या लिहिता येतील.

तुझा,
बाळ्या