आई, शाळेला हो म्हण

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ऑफिसात तू नेमकं काय करतेस, असं बाबा अधूनमधून विचारतात आणि मी "विमा कंपनीचे जुने प्रोग्राम सांभाळते" एवढं सांगून थांबते. ते प्रोग्राम कोबोल नावाच्या भाषेत आहेत. ही भाषा 1959 साली एका समितीने ठरवली, पण तिचा मोठा आधार होता फ्लो-मॅटिक ही त्याआधीची भाषा, आणि ती ग्रेस हॉपर या बाईंच्या गटाने घडवलेली. या बाई अमेरिकेच्या नौदलात अधिकारी होत्या. आजचं पत्र त्यांच्याविषयी आहे आणि आई, ते मुख्यतः तुझ्यासाठी आहे.

हॉपरबाईंचा जन्म 1906 चा, न्यूयॉर्कमधला. त्यांच्या आईला गणिताची फार आवड, पण त्या काळी मुलीला भूमितीच्या पुढे जाऊ देत नसत. वडील विमा व्यवसायात. आजारपणात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. आपल्यामागे मुलींना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, म्हणून मुलाइतकंच मुलींनाही शिकवायचं, असा त्यांचा आग्रह होता. बाबा, हे वाचताना मी थांबले. मला इंजिनिअरिंगला पाठवताना तुम्ही आत्याला काय उत्तर दिलं होतंत, ते मला आठवतं.

हॉपरबाईंना 1934 मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. मिळाली. वासार कॉलेजात नोकरीही होती. पुढे महायुद्ध आलं आणि 1942 मध्ये नौदलाने बायकांसाठी राखीव दल उघडलं. हॉपरबाईंचं वय छत्तिशीपार, वजन नियमापेक्षा सातेक किलो कमी, शिवाय गणिताच्या प्राध्यापकाने कॉलेजातच राहावं असं सरकारचं म्हणणं. त्यांनी कॉलेजातून रजा काढली, वजनाची सूट मागून घेतली आणि डिसेंबर 1943 मध्ये शपथ घेतली. पुढच्या वर्षी आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींबरोबर कवायत करत त्या प्रशिक्षणात पहिल्या आल्या.

त्यांना जहाजावर धाडलं नाही. हार्वर्डमध्ये मार्क वन नावाचं गणनयंत्र नौदलाच्या कामाला जुंपलेलं होतं, 51 फूट लांब, 8 फूट उंच. एका सेकंदात तीन बेरजा, एका गुणाकाराला सहा सेकंद. आज हे फारच हळू वाटेल, पण हातांनी हीच आकडेमोड करायला माणसांना आठवडे लागत. यंत्राला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून, आणि एक भोक चुकलं की सगळं उत्तर चुकायचं. पहिल्याच दिवशी प्रमुख हॉवर्ड एकन यांनी, इतका उशीर का केलात असं विचारून, एक गणित हातात दिलं. पुस्तिका नव्हती, शिकवायलाही कुणी नव्हतं. तोफांच्या पल्ल्याचे तक्ते, सुरुंग काढण्याची गणितं, असं काम रात्रंदिवस चालायचं. अणुबॉम्बच्या रचनेचं एक गणितही त्याच यंत्रावर झालं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते आणि त्यांच्याविषयीच्या आदरापोटी ती मी गाळणार नाही. त्या यंत्राची 561 पानांची पुस्तिका पुढे मुख्यतः त्यांनीच लिहिली.

युद्धानंतर त्यांनी नौदलात कायम नोकरी मागितली, तर वय जास्त म्हणून नाकारली. त्या राखीव दलात राहिल्या, कंपनीत नोकरी केली. माणसाच्या सोयीच्या खुणांनी लिहिलेल्या सूचना यंत्राने स्वतःच आपल्या भाषेत जुळवून घ्याव्यात, हे त्यांनी 1952 मध्ये करून दाखवलं. यंत्र फक्त आकडेमोड करतं, असं तेव्हा लोक त्यांनाच ऐकवत होते.

आणि आता मला सांगायचंय ते. 1966 च्या अखेरीस, वयाच्या साठाव्या वर्षी, नौदलाने त्यांना निवृत्त केलं. त्यांना ते फार लागलं. पण काही महिन्यांतच नौदलाचं अडलं, कारण जागोजागी कोबोलची वेगवेगळी रूपं झाली होती आणि ती एकसारखी करणारं माणूस हवं होतं. ऑगस्ट 1967 मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. मधला थोडा काळ सोडला, तर त्या राहिल्या 1986 पर्यंत. शेवटी निवृत्त झाल्या तेव्हा वय 79, हुद्दा रिअर ॲडमिरल.

आई, तुझ्या शाळेनेही सहा महिनेच मागितले आहेत. दहावीच्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकांना पहिली तू आठवलीस. फोनवर तू म्हणालीस, आता एकसष्टाव्या वर्षी पुन्हा खडू कशाला. मला त्यावर तेव्हा काही सुचलं नाही.

हॉपरबाई व्याख्यानाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या, प्रत्येक तीस सेंटिमीटरला थोडा कमी. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश एवढंच अंतर कापतो, हे त्या आरमाराच्या अधिकाऱ्यांच्या हातात देऊन सांगत. तू वर्गात बांगडीला दोरा गुंडाळून तो व्यासावर तीनदा ठेवायचीस आणि उरलेला तुकडा दाखवायचीस. मी त्याच वर्गात बसायचे आणि गणितातला पाय (π) म्हणजे काय हे तेव्हा जे कळलं, ते पुढे कुठल्याही पुस्तकाने तितकं नीट सांगितलं नाही. ज्या मुलांची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे, त्यांना तो दोरा कोण दाखवणार?

बाबा, तिच्या गुडघ्यांची काळजी तुम्हाला वाटते, ती मलाही आहे. जिने चढायला लावू नका, वर्ग तळमजल्यावर द्या, असं तुम्हीच मुख्याध्यापिकांशी बोला, त्या तुमचं ऐकतील. जायची-यायची रिक्षा मी महिन्याची ठरवून देते. दुपारची गोळी डब्यासोबत द्यायचं काम तुमच्याकडे.

आई, सोमवारी त्यांना फोन कर. नवं पुस्तक मी पाठवते आहे. त्यातली त्रिकोणमिती तू आधी घेणार की शेवटी, ते मला कळव.

तुमची,
सुमी