इंधनाची तुलना धुराच्या नळकांड्यापाशी थांबू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नैसर्गिक वायूपासून मिळणाऱ्या इंधनांची तुलना हल्ली वारंवार वाचायला मिळते, पण ती बहुतेक वेळा गाडीच्या धुरापाशीच संपते. टाकीत इंधन पडेपर्यंत मूळ वायूतली किती ऊर्जा खर्ची पडली, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते निवड करायची ती याच आकड्यावरून.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. सीएनजी (दाबून भरलेला वायू) आणि एलएनजीत (थंड करून द्रवरूप केलेला वायू) मिथेन हा मिथेनच राहतो. सीएनजी २०० ते २५० बार दाबाने भरतात (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). त्यात ऊर्जा थोडीच जाते. एलएनजीसाठी वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. त्यात जवळपास दहावा हिस्सा जातो, पण आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. जहाजांना आणि लांब पल्ल्याच्या ट्रकना ते म्हणूनच सोयीचे.

मिथेनॉल (एक अल्कोहोल), डायमिथाइल इथर म्हणजे डीएमई, जीटीएल डिझेल (वायूपासून बनवलेले द्रव डिझेल) आणि हायड्रोजन यांच्यासाठी मात्र मिथेनचा रेणूच मोडावा लागतो. आठशे-नऊशे अंश तापमानाला निकेलच्या उत्प्रेरकावर त्याची वाफेशी अभिक्रिया घडवतात, किंवा ऑक्सिजनबरोबर तो अर्धवट जाळतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचे मिश्रण मिळते आणि पुढचे सारे त्यातून घडते. प्रत्येक टप्पा आपला वाटा कापून घेतो.

जीटीएल डिझेलमागची प्रक्रिया फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२०च्या दशकात जर्मनीत कोळशासाठी विकसित केली. हे डिझेल गुणाने उत्तम आहे: सीटेन अंक (डिझेल किती सहज पेटते याचे माप) ७०च्या वर, गंधक जवळजवळ नाही, जुन्या इंजिनातही चालते. पण वायूतली सुमारे ४० टक्के ऊर्जा कारखान्यातच संपते. कतारचा पर्ल प्रकल्प रोज १,४०,००० पिंपे उत्पादनाच्या क्षमतेने उभा राहिला, तो शेजारच्या समुद्रातल्या अफाट वायुसाठ्याच्या जोरावर. न्यूझीलंडने १९८०च्या दशकात मोटुनुई येथे वायूचे मिथेनॉल आणि मिथेनॉलचे पेट्रोल करून पाहिले. पुढे तेल स्वस्त झाले आणि पेट्रोलचा टप्पा बंद पडला; मिथेनॉल तसेच विकणे परवडू लागले. शेवटचा टप्पा किती महाग पडतो, हे याहून स्पष्ट कशातून दिसेल?

मिथेनॉल साध्या टाकीत मावते, ऑक्टेन अंकही (पेट्रोल इंजिनात अवेळी न पेटण्याचे माप) चांगला. मात्र लिटरमागे ऊर्जा सुमारे १६ मेगाज्यूल, म्हणजे डिझेलच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय ते विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, हे हाताळणाऱ्यांना नीट शिकवायला हवे. डीएमईकडे आपले दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. पाच-सहा बार दाबाला ते द्रवरूप होते, डिझेलसारख्या इंजिनात चालते आणि त्याच्या रेणूत कार्बन-कार्बन बंध नसल्याने काजळी जवळजवळ होत नाही. वंगणगुण नसणे आणि रबरी सील खराब करणे या त्याच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांवर उपाय आहेत.

हायड्रोजनच्या गाडीतून फक्त पाण्याची वाफ बाहेर पडते, असे छापले जाते. तो वायूपासून बनवला आणि कार्बन पकडला नाही, तर किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड कारखान्यातून हवेत जातो. हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलची कार्यक्षमता चांगली असली तरी हा आकडा लपवणे बरे नव्हे.

सीएनजी-एलएनजीही निर्दोष नाहीत. त्यांच्या ज्वलनातून तेवढ्याच ऊर्जेमागे डिझेलपेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी कार्बन डायऑक्साइड निघतो, पण न जळलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरतो. पाइप, पंप आणि इंजिनातली थोडीशी गळतीही सगळा फायदा खाऊन टाकते.

तरीही जिथे पाइपलाइन आहे, तिथे वायू वायू म्हणूनच वापरावा, या मताचा मी आहे. अपवाद तेलविहिरींचा. तिथे वाहून न्यायची सोय नाही म्हणून जगभरात वर्षाला १४० अब्ज घनमीटरच्या आसपास वायू नुसता जाळून टाकला जातो. त्याचे मिथेनॉल केले आणि वाटेत तिसरा हिस्सा गेला, तरी उरलेले हाती लागते.

इंधनांवरच्या पुढच्या लेखात प्रत्येक इंधनाशेजारी तीन आकडे द्यावेत, ही विनंती: वायूतली किती ऊर्जा टाकीत पोहोचली, बनवताना किती कार्बन डायऑक्साइड निघाला आणि वाटेत मिथेन किती गळला.

आपला,
एक नियमित वाचक