मशीन नंतर द्या, आधी एक पुस्तिका द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. गेल्या थंडीत रात्री दोनला एक ऊसतोड कामगार वाटीभर रक्त खोकून आला. टीबी जुना, औषधं पुरी केलेली. आम्ही सलाईन लावलं, १०८ बोलावली, चिठ्ठीवर 'पुढील उपचारांसाठी रेफर' खरडलं आणि मोकळे झालो.

सकाळी सहाला मोठ्या रुग्णालयातून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचा फोन. मांडीच्या धमनीतून बारीक नळी छातीपर्यंत नेऊन रक्त गळणारी ब्रॉन्कियल धमनी आतूनच बंद करणारे हे डॉक्टर. रक्त कोणत्या फुप्फुसातून येतंय? किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन किती? आणि हाताच्या पंज्यावर निळा इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची बारीक सुई, कशाला? मी गप्प. एक्स-रे आमच्याच व्ह्यू बॉक्सवर लटकत होता. रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी अँजिओग्राफीचं औषध सेकंदाला चार-पाच मिलिलीटर वेगानं सोडतात. निळ्या सुईचं ते काम नाही, कोपराच्या शिरेत हिरवी किंवा निदान गुलाबी हवी. रक्त येणारी बाजू खाली करून कुशीवर निजवायचं, म्हणजे चांगलं फुप्फुस रक्तानं भरत नाही, हेही आम्ही केलं नव्हतं. माणूस वाचला. पण तिथे वाया गेलेले दोन तास आमच्या खात्यावर.

साहेब, नळीनं आतून उपचार करायची ही विद्या कालची नाही. सुई, तार आणि तारेवरून नळी ही स्वीडिश रेडिओलॉजिस्ट सेल्डिंजर यांची युक्ती १९५३ची. १९६४मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईची मांडीतली धमनी नळीनं रुंद केली आणि पाय वाचवला. आमच्या पिढीला मात्र एमबीबीएसला रेडिओलॉजी म्हणजे फिल्म वाचणं एवढंच कळलं.

म्हणून मागणी लहान आहे. कॅथलॅब, म्हणजे असे उपचार करायची मशीनची खोली, तालुक्याला येईल तेव्हा येईल. तोवर कॅज्युअल्टीत टांगता येईल अशी चाळीसेक पानांची मराठी पुस्तिका द्या. पाठ्यपुस्तक नको, रात्रपाळीच्या माणसाला दोन मिनिटांत सापडेल असं काहीतरी. मुतखड्यानं अडलेल्या किडनीत पू होऊन ताप चढला, तर अँटिबायोटिक सुरू करून लगेच पाठवा, पाठीतून नळी घालून आधी पू काढतात, खडा मागाहून. बाळंतिणीचा रक्तस्राव औषधांनी थांबेना, पण ती प्रवास सोसेल अशी असेल, तर गर्भाशय काढण्याआधी त्याच्या धमन्या बंद करण्याचाही पर्याय असतो. कुठे फोन करायचा, सोबत काय द्यायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं पान तर ठळक छापा. क्लोपिडोग्रेल चालू आहे म्हणून पोटातलं पाणी काढायचं लांबवणारे मी पाहिलेत. लांबवायची गरज नसते. लिव्हर बायोप्सीला मात्र ती पाच दिवस आधी थांबवतात, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर १.८च्या आत आणि प्लेटलेट ५० हजारांवर बघतात. हृदयात नवा स्टेंट असेल तर कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही.

मजकूर लिहायला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले रेडिओलॉजिस्ट बसवा, पण छापण्याआधी आमच्यासारख्या दोघा-चौघांना वाचायला द्या. नाहीतर पुन्हा परिपत्रकाची भाषा येईल. आणि मुखपृष्ठावर मोठ्या रुग्णालयातल्या रेडिओलॉजी विभागाचा चोवीस तास उचलला जाणारा नंबर टाका, डॉक्टरांचा वैयक्तिक नको. त्यांची बदली होते.

आपला,
एक वैद्यकीय अधिकारी