कबड्डी मैदानाच्या आखणीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मागच्या पटांगणात कबड्डीच्या मैदानाची आखणी येत्या रविवारी सकाळी 7 वाजता होईल. माप पुरुषांचं, 13 बाय 10 मीटर. महिलांचं 12 बाय 8 त्यातच बसतं.

खरा प्रश्न रेषेबाहेरच्या जागेचा आहे. "भिंतीला लागूनच आखा, पार्किंगला जागा उरेल," असा आग्रह काहींनी धरला आहे. तो मान्य होणार नाही. चढाईपटू रेषेबाहेर ढकलला जातो, तेव्हा एकटा जात नाही. दोन-तीन पकडणारे त्याच्या अंगावर असतात. समोर भिंत असेल तर डोकं तिच्यावरच आपटणार. लॉबी, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंची पट्टी, तिच्यालगतचा दिव्याचा खांबही हलवायचा आहे. तोवर त्याला माणसाच्या उंचीपर्यंत फोम गुंडाळावा.

मॅटचे सांधे खेळाआधी रोज हाताने चाचपावेत. फटीत हाताचं बोट शिरलं, तर पायाचंही अडकेल. मॅट ओली असेल तर सराव बंद, मग सामना उद्यावर का येईना.

फाटकासमोर गाड्या लावू नयेत, रुग्णवाहिका तिथूनच आत येते. रविवारी येताना शक्य असेल त्यांनी मोजपट्टी आणि सुतळी आणावी. चुना मंडळाकडे आहे.

– कार्यवाह