मारुतीच्या कुठवर पाणी आलं?

जेल रोड, नाशिकरोड
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आजीचा गुडघा जसा होता तसाच आहे, म्हणजे ठीकच. काल गणपती गेले. तू नव्हतास म्हणून पाट मी उचलला आणि आता कंबरेला पट्टा बांधून लिहायला बसलोय.

फोनवर तू नुसता ‘हं’ म्हणतोस. व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवावं असं तोंड मला राहिलेलं नाही. ग्रुपमधून तू दहीहंडीला बाहेर पडलास, त्याला आज एकवीस दिवस झाले. मी मोजत नव्हतो, कॅलेंडर समोरच टांगलेलं आहे. म्हटलं, पत्रच लिहावं. तुझ्या झोपेचा विषय यात काढायचा नाही, असं आईला कबूल केलंय.

आधी माझ्या चुकीचं. ती क्लिप मी ऐकली. सातपूरकडे मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणे. ताईच्या पिंकूची शाळा त्याच बाजूला, म्हणून घाबरून पुढे ढकलली. तिच्यावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे खूप जणांनी पुढे ढकलत आलेली. तसला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो. मी चार ग्रुपांत टाकला, म्हणजे फोनने मला चारदा अडवलं आणि मी चारदा पुढे गेलो. तू सगळ्यांसमोर लिहिलंस, ‘बाबा, राईनपाडा विसरलात?’

नव्हतो रे विसरलो. १ जुलै २०१८. साक्री तालुका, आपण पिंपळनेरच्या लग्नाला गेलो होतो तोच भाग. मंगळवेढ्याकडची भिक्षा मागणारी पाच माणसं बाजाराच्या दिवशी तिथे आली, आणि असल्याच अफवेवरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून ठार मारलं. पाचांपेक्षा जास्त ठिकाणी निरोप ढकलायचा नाही, हे बंधन भारतात जाहीर झालं ते त्याच महिन्यात. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं. मी मात्र लिहिलं, ‘बापाला शिकवू नकोस.’

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये शीटा तपासल्या. एक रेघ तुटलेली दिसली, रंग केसभर सरकलेला दिसला की शीट बाजूला. भिंगाखालून काही सुटलं नाही, असं साहेब माझ्या निरोपसमारंभात बोलले होते, तू पहिल्या रांगेत बसून वेफर्स खात होतास. आणि तोच माणूस कानाने ऐकलेलं न तपासता चार ठिकाणी पाठवतो. त्याआधी ते दिवाळीत उजळलेल्या भारताचं नासाचं छायाचित्रही मीच पाठवलं होतं. तू तेव्हा शांतपणे समजावलं होतंस, की ती एका रात्रीची दिवाळी नाही, वेगवेगळ्या वर्षांचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवून जोडलेलं चित्र आहे. तेव्हा मला राग आला नव्हता. उलट दोन दिवस चौकातल्या मेडिकलवाल्याला मीच समजावत होतो.

मात्र चारचौघांत बोलायला नको होतंस. वडीलधाऱ्या माणसाला चूक दाखवायची एक रीत असते. फोन करायचा, बाजूला घ्यायचं, चढत्या आवाजात… असो. सुरू झालंच बघ माझं. चूक माझी, आणि रीत मी तुला शिकवतोय. ही ओळ खोडणार होतो, पण कागद खराब दिसेल म्हणून राहू देतो.

तुला वाटतं, रिकामा माणूस आहे, दिसेल ते ढकलतो. तसं नाही. क्लिपा वगैरे घाईत गेल्या असतील, पण तुला एकट्याला जे पाठवायचो ते मी दुपारभर शोधायचो. वहीत उतरवून ठेवायचो. प्रेसची जुनी हिरवी डायरी आहे ना, तिच्यात आता हेच आहे. १८५४ सालचं चार आण्यांचं तिकीट, लाल चौकट एकदा छापायची आणि राणीचं निळं डोकं दुसऱ्या खेपेला. कुणीतरी शीट उलटी घातली आणि राणी डोक्यावर उभी राहिली. आज ते तिकीट मिळवायला लोक घरं विकतील. माझ्या हाताखाली आलं असतं तर मी ते रद्दीत टाकलं असतं! तुला हे पाठवलं तेव्हा तू अंगठा दाखवलास.

बदकांच्या वेळी मात्र तू लिहिलं होतंस. १९९२ च्या जानेवारीत पॅसिफिक महासागरात एका जहाजावरून कंटेनर पडला, आत अंघोळीच्या टबात सोडायची २८,८०० प्लास्टिकची खेळणी. पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, लाल बीव्हर. दहा महिन्यांनी ती अलास्काच्या किनाऱ्याला लागायला लागली, आणि समुद्राचे प्रवाह अभ्यासणारे शास्त्रज्ञ कुठे काय सापडलं त्याच्या नोंदी ठेवत बसले. तू उत्तर दिलंस, ‘आणि माझी चप्पल?’

तीनच शब्द, पण मी ते आईला वाचून दाखवले. तू दुसरीत होतास. पूर बघायला तुला स्कूटरवर पुढे उभं करून पंचवटीत नेलं होतं. गर्दीत तुझ्या डाव्या पायातली चप्पल गेली, निळ्या पट्ट्याची. तू रडला नाहीस. विचारलंस, आता ती कुठे जाईल? मी येताना सगळा रस्ता सांगितला. नांदूरमध्यमेश्वर, मग पैठण, मग नांदेड, मग पार राजमहेंद्री आणि समुद्र. तू म्हणालास, पैठणला धरण आहे, तिथे अडकेल. मी स्कूटर बाजूला घेऊन हसलो होतो. दुसरीतल्या पोराला नाथसागर माहीत! आजही कुणी भेटलं की सांगतो. त्या दिवशी एक चप्पल गेली म्हणून घरी आल्यावर बोलणी मी खाल्ली, हे तुला माहीत नसेल.

आता डांबराचं. तेच शेवटचं पाठवलं होतं, भांडणाच्या आदल्या रात्री, अकरा वाजता. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड विद्यापीठात, १९२७ साली पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी काचेच्या नरसाळ्यात डांबर ओतून ठेवलं. हातोडीने फोडलं तर काचेसारखं फुटेल असं घट्ट, पण वाहतं, हे पोरांना दाखवायला. तीन वर्षं ते बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. तेव्हापासून नऊ थेंब पडले. मेनस्टन नावाचे प्राध्यापक १९६१ पासून त्यावर नजर ठेवून होते. १९८८ मध्ये थेंब पडेल पडेल म्हणून तिथेच थांबले, पाच मिनिटं काही प्यायला बाहेर गेले, तेवढ्यात पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला, तर नेमका तो बंद पडला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मेनस्टन गेले आणि नववा थेंब पडला २०१४ च्या एप्रिलमध्ये. बावन्न वर्षं राखण केली, आणि एकही पडताना दिसला नाही.

हे तू वाचलंस पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी. निळ्या टिका तेव्हा आल्या.

घ्या. काढायचा नाही म्हणून ठरवलेला विषय निघालाच. आता निघालाय तर लिहितो. त्याआधी सोमवारी २:४०. गुरुवारी ३:०५. शनिवारी तर पावणेचार. तुझी ड्युटी रात्रीची असेल तर माझं काही म्हणणं नाही. लोकांचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले पाहिजेत, त्यासाठी कुणीतरी जागं लागतं आणि तो कुणीतरी माझा मुलगा आहे, हे मी बँकेच्या रांगेत अनोळखी माणसालाही सांगितलंय. पण तूच म्हणाला होतास, जूनपासून दिवसाची ड्युटी झाली. मग?

माणसाला झोप लागते. रात्री फोन उशाशी नको, दुसऱ्या खोलीत ठेव. चहा पाचनंतर नको. पाय धुऊन तळव्यांना थोडं तेल. आणि त्या खोलीला पडदा लावलास का? समोरच्या जाहिरातीचा उजेड सरळ पलंगावर येतो, मी आलो होतो तेव्हाच बोललो होतो. पडद्याचं माप मी लिहून आणलं होतं, ते इथेच राहिलं. तू तिसाव्या वर्षात आहेस, तळव्यांना तेल लाव हे तुला टपालाने कळवायला नको, समजतं मला. माफ कर.

आई परवा म्हणाली, ‘तो तीनला जागा असतो, हे तुम्हाला कसं हो कळतं?’ मी म्हटलं, सकाळी उठून बघतो. ती काही बोलली नाही. पोहे ढवळत राहिली.

अजून एक शोध वहीत आहे, तो पाठवायचा राहून गेला. केंब्रिज विद्यापीठात संगणकाच्या लोकांसाठी कॉफीचं एकच भांडं होतं. जिने चढून जावं तर ते रिकामं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला, की जागेवरूनच दिसावं कॉफी आहे की नाही. चित्र कसलं, १२८ ठिपके आडवे आणि १२८ उभे, करडं. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि ज्यांना त्यातली कॉफी कधीच मिळणार नाही असे लोक जगभरातून बघायला लागले. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद केला. भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं.

मी वाचलं आणि मनात म्हटलं, यात काय नवीन, आपल्याकडे गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुती आहे की. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक घाटावर जातं का? नाही. लोक एवढंच विचारतात, ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ गुडघ्याला म्हटलं की चहा घ्यायचा. छातीला म्हटलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती अख्खा पाण्याखाली गेला, तेव्हा तू बंगलोरहून फोन करून आधी हेच विचारलंस. कसे आहात, हे नंतर. मला ते फार आवडलं होतं.

तर तुझं ते ‘लास्ट सीन’ म्हणजे माझा मारुती होता. बदकं, डांबर, तिकिटं हे सगळं खरंच मजेचं होतं, तू हसावंस म्हणूनच पाठवत होतो. पण पाठवलं की मी पाणी बघत बसायचो. सकाळी सातला टिक निळी झाली की गुडघ्याला. तीनला झाली की छातीला. दहीहंडीच्या रात्री तू ते लास्ट सीनही बंद केलंस आणि निळ्या टिकाही. तुझा हक्क आहे. बापाने पोराच्या झोपेवर कॅमेरा लावावा हे काही बरं नाही, मला लिहितानाही लाज वाटतेय. पण पाणी किती आहे ते कळेनासं झालंय.

अप्पाचंही असंच सुरू झालं होतं. रात्री रेडिओ घेऊन बसायचा, सिलोन लागत नाही म्हणायचा, काटा फिरवत राहायचा. आम्हाला वाटलं गाण्याचं वेड. तुझे आजोबा तर चिडायचे, सेल संपतात म्हणून. मी त्याच खोलीत झोपायचो. पांघरूण डोक्यावर घेऊन. पुढचं तुला माहीत आहे. तू अप्पासारखा नाहीस. तुझं नाक तेवढं त्याच्यावर गेलंय. मी हे आईला कधी बोललो नाही, तूही बोलू नकोस.

काही असेल तर सांग, एवढंच. नोकरीचं असेल, पैशाचं असेल, त्या मुलीचं असेल. (ताईने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं.) सल्ला देणार नाही. दिलाच तर तू ‘हं’ म्हण, मी थांबेन.

ताईकडून दिवाळीचा चिवडा येईल तेव्हा तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवतो, शेंगदाणे जास्त घातलेला. चारही ग्रुपांत मी लिहिलंय, की ती क्लिप खोटी होती आणि मी न तपासता पाठवली. भाऊकाकांनी विचारलं, कुणी सांगितलं खोटी? मी तुझं नाव लिहिलं.

आजी आशीर्वाद सांगते. आई वेगळं लिहिणार आहे म्हणते, पण लिहिणार नाही, फोनच करेल.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र पोचलं की निळी टिक येत नाही, म्हणून आत पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घातलंय. इथला पत्ता घातलेला आहे. काही लिहायचं नसेल तर कोरंच टाक पेटीत. पोस्टाचा शिक्का असतो, त्यावर तारीख वाचता येते मला, भिंग अजून आहे.